हद्दीबाहेरचा आजार

बार्शीटाकळीच्या माणसाला मोठं दुखणं आलं की रस्ता एकच, अकोल्याचा. अंतर वीस किलोमीटरच्या आतलं. पूर्वी मीटरगेजची गाडी होती, २००८ मध्ये अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला. एसटी आहे, काळीपिवळी आहे, २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. अकोल्यात बायामाणसांसाठी ‘लेडी हार्डिंग’, बाकीच्यांसाठी ‘सर्वोपचार’. तिथल्या कागदावर ‘रेफर’ लिहिलं गेलं की नागपूर नाहीतर सेवाग्राम, आणि कॅन्सर निघाला तर थेट मुंबईचं टाटा. प्रत्येक टप्प्यावर घरातलं काहीतरी जातं. आधी हातउसने, मग अडत्याकडून उचल, मग डागडागिने, आणि सगळ्यात शेवटी वावर. दवाखाने वाढले, डॉक्टर वाढले, योजना आल्या, तरी हा क्रम फारसा बदलला नाही. आजाराचा खर्च वाटून घेणारी जी जी व्यवस्था या देशात उभी राहिली, तिने कुठेतरी हद्द आखली, आणि वऱ्हाडातला शेतकरी-मजूर बहुतेक वेळा त्या हद्दीच्या बाहेर राहिला. त्या हद्दींचा हा इतिहास आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं. पुढच्या दशकात रेल्वे आली, कापसाचा पैसा खेळू लागला आणि मोठ्या गावांतून धर्मार्थ दवाखाने निघाले. १८८५ मध्ये स्त्रियांच्या औषधोपचारासाठी लेडी डफरीन यांच्या नावाने देशभर निधी उभा राहिला. ते नाव अमरावतीच्या माणसाच्या तोंडी अजून आहे: बाळंतपण ‘डफरीन’ला, अपघात ‘इर्विन’ला. पाट्या बदलल्या, पण लोकांनी व्हाइसरॉय आणि त्यांच्या बायकांची नावं सोडली नाहीत. या दवाखान्यांत गरिबाला औषध फुकट मिळे. खर्च व्हायचा तो बैलगाडीचा, सोबतच्या माणसाच्या भाकरीचा आणि बुडालेल्या मजुरीचा. गावात वैद्य, हकीम आणि हाड बसवणारा असे, त्यांचं देणं हंगामात धान्याने फिटे. १९१८ च्या पावसाळ्याअखेर इन्फ्लुएन्झा आला, त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला. देशात ज्या प्रांतांना या साथीचा सर्वांत मोठा तडाखा बसला त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता. तेव्हा खर्चाचा प्रश्नच नव्हता. घरात पाणी द्यायला उभं राहील असं माणूस शिल्लक नव्हतं.

औषध फुकट असलं तरी आजार फुकट नसतो, हे ज्याने सर्वांत आधी ओळखलं तो माणूस वऱ्हाडचाच. गाडगेबाबा १८७६ साली शेंडगावला जन्मले. खराटा आणि कीर्तन सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांनी उभ्या केलेल्या धर्मशाळांकडे आरोग्यव्यवस्थेचा भाग म्हणून कोणी फारसं पाहत नाही. मला त्या तशाच दिसतात. दुखणं घेऊन मुंबईला आलेला खेड्यातला माणूस दवाखान्याच्या फाटकाबाहेर फुटपाथवर चूल मांडतो, हे बाबांनी पाहिलं होतं. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटात उपचार घेणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आजही नाममात्र पैशांत आसरा देते. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर डब्यात भाडं पडत नाही, सोबत्याला पाऊणपट सवलत मिळते. अकोला स्टेशनवरून विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्री चढणाऱ्यांत दोन-चार जण तरी असे असतात, हातात एक्स-रेची मोठी पिशवी आणि डब्यात दोन दिवस पुरतील अशा पोळ्या. किमोथेरपीच्या सहा फेऱ्या म्हणजे मुंबईच्या सहा खेपा. उपचार सवलतीत बसले तरी राहणं, खाणं आणि शेतावर न जाणं यांचा हिशेब वेगळाच.

आरोग्य विमा या कल्पनेची सुरुवात देशात कामगारांपासून झाली. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे त्याचं मूळ तत्त्व. दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कामगाराच्या पगारातून थोडं, मालकाकडून थोडं, आणि त्या बदल्यात कामगारासह घरच्यांना दवाखाना. शिवाय आजारपणाच्या रजेत मजुरीचा भाग. अकोला, बडनेरा, अचलपूर या गावांत कापडगिरण्या होत्या. गिरणीच्या नोकरीला त्या काळी जो मान होता त्यात पगाराइतकाच या हक्काचाही वाटा होता.

पण वऱ्हाडचा खरा उद्योग कापडाचा नव्हता, सरकी काढण्याचा होता. बार्शीटाकळीपासून अकोटपर्यंत, मूर्तिजापूरपासून कारंज्यापर्यंत, जिनिंग-प्रेसिंग. दिवाळी ते होळी फाटकाबाहेर बंड्यांच्या रांगा, आत रेच्यांचा आवाज, हवेत रुईचा भुरका, आणि नाकाला पदर बांधून कवडी वेचणाऱ्या बाया. या कायद्याने ‘हंगामी कारखाने’ वगळले. हंगामी म्हणजे कोणते, त्याची यादीच व्याख्येत दिली आहे, आणि तिच्यात पहिलं नाव कापसाच्या जिनिंगचं, त्यामागोमाग प्रेसिंगचं. नीळ, लाख, चहा, गूळ-साखर नंतर येतात. स्वतंत्र भारताचा पहिला आरोग्य विमा दारात आला आणि त्याने आपल्या मुलखाचा धंदा नाव घेऊन बाहेर ठेवला. कारण कारकुनी होतं: चार-पाच महिने चालणाऱ्या कामाची वर्गणी कशी कापायची? हंगाम संपला की माणूस कुठे शोधायचा? पण रुईचा भुरका चार महिनेच छातीत जातो आणि खोकला बारा महिने राहतो, हे मोजायला कोणी बसलं नाही. शेतकरी तर या कायद्याच्या विचारातच नव्हता.

हंगामी उत्पन्न ही विम्याच्या वाटेतली धोंड आहे असं समजून कायदा थांबला. ती धोंड नाही हे सेवाग्रामच्या एका डॉक्टरने दाखवलं, आणि हा या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला १९४५ मध्ये कस्तुरबा रुग्णालय सुरू झालं, बायका आणि मुलांसाठी, जेमतेम पंधरा खाटांचं. डॉ. सुशीला नायर यांनी ते वाढवलं, १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. तिथले डॉ. उल्हास जाजू आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. पैसे कोणाकडेच नव्हते, पण हंगाम झाल्यावर ज्वारी प्रत्येक घरात होती. मग हप्ता ज्वारीतच घ्यायचं ठरलं.

खळ्यावर रास पडली, वारवून झाली, की प्रत्येक घराने ठरलेल्या पायल्या गावाच्या आरोग्य निधीत घालायच्या. भूमिहीनाने कमी, ज्याचं वावर मोठं त्याने जास्त. म्हणजे द्यायचं ऐपतीप्रमाणे आणि घ्यायचं गरजेप्रमाणे. अट एक होती: गावातली पाऊण घरं तरी सामील झाली पाहिजेत, नाहीतर त्या गावात योजना नाही. ही अट पाहिली की ती आखणाऱ्याला खेडं किती कळलं होतं ते समजतं. पाऊण गाव आलं की आजारी आणि धडधाकट दोघंही आत येतात, फक्त आजारीच हप्ता भरतो असं होत नाही. शिवाय निधी गावाचा, म्हणून हिशेब गावसभेत. अवचित आलेल्या आजारात कस्तुरबा रुग्णालयात पूर्ण उपचार, आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींना, म्हणजे साधं बाळंतपण किंवा मोतीबिंदू यांना, काही प्रमाणात सवलत. गावात निवडलेला आरोग्य सेवक, त्याच्याजवळ प्राथमिक औषधं. ‘ज्वारी विमा’ म्हणून ही योजना देशाबाहेरच्या अभ्यासकांनाही ठाऊक झाली. आपल्या मंत्रालयाने मात्र यातला हंगामी हप्ता उचलला नाही, पाऊण गावाची अटही उचलली नाही.

१९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. तो पगारदारांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी होता, त्यावर इथे थांबायचं कारण नाही. १९९७ मध्ये राज्याने जीवनदायी योजना काढली: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि कॅन्सर यांसाठी दीड लाखापर्यंत मदत. अर्ज, दाखले, मंजुरी यांतून गेलं की पैसे थेट दवाखान्याला. ज्यांच्यापर्यंत ती पोहोचली त्यांचे जीव वाचले, पण खेड्यात तिचं नावही फारसं कोणी ऐकलं नव्हतं.

मग ती वर्षं आली ज्यांनी वऱ्हाडचं नाव देशभर नेलं. २००५-०६ मध्ये अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आल्या. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातला सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. त्याच वर्षी अमरावतीचे विभागीय आयुक्त सुधीरकुमार गोयल यांच्या देखरेखीखाली १७ लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची दारोदार पाहणी झाली. कर्ज किती, पीक किती, हे तर विचारलंच. पण घरात लग्नाची मुलगी आहे का आणि मोठा आजार आहे का, हेही विचारलं. सरकारी कागदावर शेतीच्या संकटाशेजारी आजारपणाला रकाना मिळाला, आणि हजारो घरांत तो भरला गेला.

पण तोच आजार मदतीच्या दारात मात्र अडचण होऊन उभा राहत असे. मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळायचे, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागे, आणि पात्र म्हणजे नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा. पंचनाम्यात ‘आजारपणाला कंटाळून’ असे शब्द पडले की प्रकरण शेतीचं राहत नसे. आता यात वेगळं काय करायचं होतं? बायकोच्या ऑपरेशनसाठी सावकाराकडून काढलेले पैसे पऱ्हाटीवर फेडायचे होते. पऱ्हाटी बोंडअळीने गेली. हे कर्ज शेतीचं की दवाखान्याचं? घरात दोन वेगळे गल्ले नसतात. बियाणं, बाळंतपण, खत, सलाईन, सगळं एकाच पिशवीतून जातं. २००८ च्या कर्जमाफीतही तेच झालं. बँकेचं पीककर्ज माफ झालं, तेही पूर्ण माफीसाठी पाच एकरांच्या मर्यादेत. दवाखान्यापायी सावकाराकडे गेलेला आकडा तसाच राहिला. माझ्या मते, वऱ्हाडच्या त्या वर्षांवर जे ढीगभर लिहिलं गेलं त्यात सर्वांत कमी लिहिलं गेलं ते दवाखान्याच्या बिलावर.

केंद्राने २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना आणली: ३० रुपये नोंदणी, पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं संरक्षण, हातात स्मार्ट कार्ड. अमरावती जिल्ह्यात ती कशी राबवली गेली यावर २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्ड घरात होतं आणि ते कुठे चालतं हे घराला माहीत नव्हतं, असा त्याचा एकंदर सूर होता.

त्याच वर्षी, २ जुलै २०१२ रोजी, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. गडचिरोली, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई, उपनगर आणि अमरावती. अकोला त्यात नव्हता. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, मूत्रपिंड बदलायचं तर अडीच लाख, यादीत साडेनऊशेहून अधिक उपचार. हप्ता कुटुंबामागे ३३३ रुपये, तो सरकार भरणार. अकोला जिल्ह्याला योजना मिळाली ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी, उरलेल्या सगळ्या महाराष्ट्राबरोबर. मधल्या सोळा महिन्यांहून अधिक काळात रेल्वेलाइनवरच्या कुरुमचा हृदयरोगी आणि शेजारच्या बडनेऱ्याचा हृदयरोगी यांच्यामध्ये जिल्ह्याची हद्द होती. पऱ्हाटी एक, भाव एक, रेशनकार्डाचा रंग एक. एकाचं ऑपरेशन योजनेत आणि दुसऱ्याचं वावर विकून. टप्प्याटप्प्याने योजना आणणं प्रशासनाला सोयीचं असतं, ते समजतं. पण हृदयाची झडप टप्प्याची वाट पाहत नाही.

योजना आल्यावर मात्र फरक पडला, आणि तो मोकळेपणाने सांगितला पाहिजे. मोठ्या दवाखान्यात शिरताच ‘आरोग्यमित्रा’चं टेबल दिसू लागलं. रेशनकार्ड आणि ओळखपत्र त्याच्यापुढे ठेवायचं, तो नाव संगणकावर चढवतो, डॉक्टरांचे कागद पूर्वपरवानगीसाठी वर जातात, मंजुरी आली की ऑपरेशन. रुग्णाचं जेवण योजनेत, घरी परतण्याचं भाडं योजनेत, सुट्टीनंतरच्या दहा दिवसांची औषधं योजनेत. ज्या घरांनी अँजिओप्लास्टी हा शब्द फक्त पाटलाच्या आजारपणात ऐकला होता, त्या घरांतली माणसं ती करून परत येऊ लागली. रेशनकार्डाला, जे आजवर रॉकेल आणि गव्हासाठी होतं, प्लास्टिकचं कव्हर चढलं आणि ते सातबाऱ्याच्या फाइलमध्ये गेलं.

कार्ड पांढरं असलं तर? दहा एकर कोरडवाहू असलेल्या पुष्कळ शेतकऱ्यांचं कार्ड पांढरं होतं आणि हाती काहीच नव्हतं. पुढे मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही आत घेतलं, सातबारा दाखवण्याच्या अटीवर. मक्त्याने वावर वाहणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. तो पुन्हा रेघेबाहेर. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, २०२० मध्ये दोन्हींची सांगड घातली गेली.

एवढं होऊनही खर्च कोण करत होतं? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागात सरकारी दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णामागे सरासरी ४,२९० रुपये आणि खासगीत २७,३४७ रुपये खर्च झाल्याचं दिसलं. बाळंतपणं यात धरलेली नाहीत. खेड्यातल्या जेमतेम १४ टक्के लोकांना कोणतं तरी आरोग्य संरक्षण होतं. म्हणजे सहा-सातपट महाग दवाखान्याचं दार माणूस ठोठावत होता, आणि बहुतेकांच्या हातात कार्ड नव्हतं. हौसेने कोणी खासगीत जात नाही. सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीची तारीख पुढची मिळते, दुखणं आजचं असतं.

करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात दिसू लागली ती इथूनच. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा बाकीचं राज्य लग्नं लावत होतं. कागदावर सगळं तयार होतं: २३ मे २०२० च्या निर्णयाने आरोग्य योजना राज्यातल्या प्रत्येक रहिवाशाला लागू झाली होती, आणि त्याच्या दोनच दिवस आधी सरकारने खासगी खाटांचे दर बांधून दिले होते. साधी खाट दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पण औषधं, तपासण्या, पीपीई किट यांतलं बरंच या दरांबाहेर राहिलं, आणि योजना चालायची ती यादीतल्या दवाखान्यात, यादीतल्या उपचारासाठी. एप्रिलमध्ये ज्याच्या हातात रेमडेसिव्हिरची चिठ्ठी पडली त्याने यादी पाहिली नाही. सोयाबीनचा भाव त्या साली चढा होता, एवढाच काही घरांना आधार झाला.

मग प्रत्येकाने स्वतःचा विमा का काढू नये? हा सल्ला पगाराच्या घरातून येतो. वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो दसऱ्यानंतर सोयाबीनचा, मग कापसाचा, फाल्गुनात तुरीचा. पॉलिसीचं नूतनीकरण आषाढ-श्रावणात आलं, जेव्हा शेवटचा रुपया युरियात गेलेला असतो, तर हप्ता राहून जातो. सवलतीचे दिवस टळले की सातत्य तुटतं आणि जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ पहिल्यापासून मोजला जातो. साठीनंतर हप्ता चढतो. त्यावर २०१७ पासून १८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसींवरून उठला. चांगलं झालं. पण ज्याला मूळ हप्ताच झेपत नव्हता त्याला कर उठल्याने फारसा फरक पडत नाही. काही कंपन्यांनी तरी हंगामी हप्त्याची पॉलिसी काढावी, सेवाग्रामचा दाखला समोर आहे.

आज हद्दी पुष्कळ पुसल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना, कार्डाचा रंग न पाहता, वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि २०२४ मध्ये यादीत १,३५६ उपचार होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासणीपर्यंत सगळं निःशुल्क झालं. बार्शीटाकळीचं ग्रामीण रुग्णालय त्यात येतं. अकोल्याचं सर्वोपचार वैद्यकीय शिक्षण खात्याखाली, त्याला हा निर्णय लागू नाही. आणि पाच लाखांचं कार्ड भरती झालेल्यालाच. पिंजरच्या म्हातारीची साखरेची गोळी, महानच्या माणसाचं रक्तदाबाचं औषध, दर तीन महिन्यांची तपासणी, तिच्यासाठी बुडणारा दिवस, हे कोणत्याही पॅकेजात नाही. देशभरात लोकांच्या खिशातून जाणाऱ्या आरोग्यखर्चात सर्वांत मोठा वाटा औषधांचाच आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीत गोळ्या असतील त्या महिन्यात हा खर्च शून्य, नसतील त्या महिन्यात समोरच्या मेडिकलवर.

जिनिंगमधल्या बाईचं ऑपरेशन आता राज्य करून देईल. गिरणीच्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट दिली होती: आजारपणात घरी बसलं तरी मजुरीचा ठरावीक हिस्सा, आज तो सत्तर टक्के आहे. तिला तो नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी सामाजिक सुरक्षा संहिता देशात लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात विरघळला. विम्याचं प्रकरण कोणत्या आस्थापनांना लागू, हे तिच्या पहिल्या अनुसूचीत दिलं आहे: दहा किंवा अधिक कामगार असलेली प्रत्येक आस्थापना, हंगामी कारखाना सोडून. हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचं जिनिंग अजून आहे.